तुरुंगाची भाषा घरच्यांना कळायला हवी

जामीन, प्रोबेशन, पॅरोल, फर्लो, माफी... हे शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. पण ज्या घरावर वेळ येते, त्या घराला या शब्दांचा अर्थ वेळीच ठाऊक असला तर एखाद्या माणसाच्या आयुष्यातील कितीतरी महिने, वर्षे वाया जाण्यापासून वाचू शकतात.

अमुक कैदी पॅरोलवर सुटला, तमुक आरोपीला जामीन मिळाला, कुणाला फर्लोवर सोडले, अशा बातम्या रोजच येतात. चहा घेता घेता घरातले कुणीतरी म्हणते, ''पैसे चारले असतील!'' दुसरे म्हणते, ''सुटला म्हणजे निर्दोषच असणार.'' खरे तर दोघांचेही चुकलेले असते. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे आणि फर्लो म्हणजे मेहेरबानी नव्हे. पण या शब्दांचा नेमका अर्थ आपल्याला कुणी सांगितलेला नसतो आणि आपणही कधी विचारलेला नसतो.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की, त्या पायरीपलीकडची भाषा शिकावी असे सुशिक्षित घरांनाही वाटत नाही. मात्र वेळ सांगून येत नाही. जमिनीवरून झालेली हाणामारी, गाडीखाली सापडलेला पादचारी, न वटलेला धनादेश, तरुण मुलाला लागलेली वाईट संगत, यांपैकी काहीही एखाद्या सरळमार्गी कुटुंबाला तुरुंगाच्या दाराशी नेऊन उभे करते. मग खिडकीपलीकडचा शिपाई दोन-चार शब्द फेकतो आणि अलीकडे उभी असलेली आई किंवा पत्नी नुसती मान हलवते. तिला काहीच कळलेले नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसे होती. तुरुंगांची क्षमता मात्र ४,३६,२६६ एवढीच होती. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. यातला एक लहानसा भाग सोडला तर बाकीची सगळी माणसे आज ना उद्या बाहेर येणार आहेत. ती कशी बाहेर येतात आणि आल्यावर काय करतात, हा प्रश्न केवळ त्यांच्या घराचा राहत नाही. तो आपल्या गल्लीचा आणि गावाचाही होतो.

शिक्षा भोगणाऱ्या माणसाला पुन्हा समाजात उभे करण्याच्या या कामाला महाराष्ट्रात 'सुधारसेवा' म्हणतात. राज्याच्या खात्याचे नावच 'कारागृह व सुधारसेवा विभाग' असे आहे. खात्याच्या कागदपत्रांत 'कैदी' हा शब्द फारसा नसतो, तेथे 'बंदी' असे लिहितात. या सुधारसेवेतले नेहमी लागणारे शब्द एकेक करून समजून घेऊ.

कोठडी आणि कच्चा कैदी

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. प्रवासाचा वेळ तेवढा यातून वगळतात. हा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने दिलेला आहे. त्यानंतर दोन प्रकारची कोठडी संभवते. 'पोलीस कोठडी'त आरोपी पोलीस ठाण्यात, चौकशी करणाऱ्यांच्या ताब्यात असतो. 'न्यायालयीन कोठडी' म्हणजे तुरुंग. घरच्यांना न्यायालयीन कोठडी हा शब्द ऐकून धसका बसतो, शिक्षाच झाली असे वाटते. तसे नसते. चौकशीसाठी आता पोलिसांच्या ताब्याची गरज नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या अवस्थेत तुरुंगात राहणाऱ्याला 'न्यायाधीन बंदी' किंवा बोलीभाषेत 'कच्चा कैदी' म्हणतात. ज्याचा गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा लागली आहे तो 'सिद्धदोष बंदी', म्हणजे पक्का कैदी. हा फरक प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा असा आहे. कारण २०२२ च्या त्याच अहवालात न्यायाधीन बंद्यांची संख्या ४,३४,३०२ होती. म्हणजे तुरुंगातल्या दर चार माणसांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. शेजारीपाजारी मात्र त्यांना गुन्हेगार ठरवून मोकळे झालेले असतात.

हे दुखणे जुने आहे. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधील कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, त्याहून जास्त काळ काहीजण खटल्याची वाट पाहत आत पडून होते! जलद न्याय हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने तेव्हा बजावले.

आज या बाबतीत घरच्यांनी दोन मुदती पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात. पहिली दोषारोपपत्राची. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. (काही विशेष कायद्यांत ही मुदत जास्त असते.) हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, तो वेळेवर मागावा लागतो. दुसरी मुदत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मधली. आरोपीचा हा पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ त्याने आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे, असे हे कलम सांगते. इतरांसाठी ही मुदत निम्म्या शिक्षेची आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यालाही याचा लाभ नाही. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकलेली आहे. जुन्या खटल्यांतील कच्च्या कैद्यांनाही ही सवलत मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. तरीही घरच्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवणे उत्तम.

जामीन मिळतो, पण जामीनदार?

'जामीन' म्हणजे खटला चालू असताना हजर राहण्याच्या हमीवर मिळालेली मोकळीक. आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी म्हणजे 'जातमुचलका', तर दुसऱ्या माणसाने घेतलेली हमी म्हणजे 'जामीनदार' उभा करणे. स्त्री, आजारी वा अशक्त व्यक्ती यांच्या बाबतीत अजामीनपात्र गुन्ह्यातही न्यायालय जामिनाचा वेगळा विचार करू शकते.

गरिबाचे गाडे येथेच अडते. न्यायालय जामीन मंजूर करते, पण तेवढ्या ऐपतीचा जामीनदार सापडत नाही. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला होता आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात राहतो म्हणून भावाची हमीही नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात गरिबाला न पेलणाऱ्या रकमा मागण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले. त्याला पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली तरी जामीन मंजूर असूनही आत राहिलेली माणसे आहेतच. म्हणून ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूचना दिल्या. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात हमी भरता आली नाही तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार स्वतःहून करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब बंद्यांच्या जामिनासाठी व दंडासाठी आर्थिक साहाय्याची योजनाही आणली.

म्हणून 'पैसे नाहीत, आता काय करायचे?' असे म्हणत घरी बसून राहू नये. अटकेत असलेल्या कुठल्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांनाही तो आहे.

प्रोबेशन : एका बूट शिवणाऱ्याची देणगी

१८४१ सालची गोष्ट. अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा कारागीर न्यायालयात बसला होता. दारूच्या व्यसनापायी पकडून आणलेला एक माणूस आता तुरुंगात जाणार होता. ऑगस्टसने त्याची हमी घेतली. ठरलेल्या मुदतीनंतर तो माणूस न्यायालयात परत आला तेव्हा इतका पालटलेला होता की, नाममात्र दंडावर त्याची सुटका झाली. पुढे १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने दोन हजारांच्या आसपास माणसांना असा हात दिला. प्रोबेशन ही कल्पना त्याच्यापासून जगभर पसरली.

आपल्याकडे १९५८ साली अपराधी परिवीक्षा कायदा झाला. 'परिवीक्षा' हा प्रोबेशनचाच मराठी शब्द. गुन्हा सिद्ध झाला तरी तुरुंगात न पाठवता, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत देखरेखीखाली घरी राहू देणे, असा त्याचा अर्थ. किरकोळ चोरीसारख्या पहिल्याच गुन्ह्यात तर न्यायालय नुसती ताकीद देऊनही सोडू शकते. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र हा कायदा लागू होत नाही.

समजा, एखाद्या घरातला वीस वर्षांचा मुलगा मित्रांच्या नादाने मोटरसायकल चोरीत सापडला. एकवीस वर्षांखालील अपराध्याला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवू नये आणि पाठवायचेच असेल तर कारणे लिहावीत, असे हा कायदा न्यायाधीशांना सांगतो. त्यासाठी 'परिवीक्षा अधिकाऱ्या'चा अहवाल मागवला जातो. हा अधिकारी घरी येतो, आईवडिलांशी बोलतो, शेजारी, शिक्षक, मालक यांच्याकडे चौकशी करतो. नेमके येथेच अनेक घरे चूक करतात. पोलीसच आले असे समजून दार लावून घेतात किंवा अब्रूच्या भीतीने खोटे बोलतात. शेजारीही 'आम्हाला यात गोवू नका' म्हणून हात झटकतात. वास्तविक मुलाला तुरुंगापासून वाचवू शकणारा कागद हाच अधिकारी लिहीत असतो. त्याला मुलाचे व्यसन, घरातली भांडणे, नोकरीची शक्यता, सारे खरेखरे सांगावे. खोटे उघडे पडले तर नुकसान मुलाचेच.

या कायद्याचे १२ वे कलमही महत्त्वाचे आहे. परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता चिकटत नाही. गुन्हा घडलाच नव्हता असा याचा अर्थ नाही आणि नोकरीतली खातेचौकशीही यामुळे टळत नाही. पण पुढच्या आयुष्याचे एक दार त्यामुळे उघडे राहते.

आता यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे. भारतीय न्याय संहितेने 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा प्रथमच कायद्याच्या पुस्तकात आणली. पहिल्याच वेळी पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी झाली आणि मुद्देमाल वा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजोपयोगी काम करण्याची शिक्षा मिळते.

संचित रजा आणि अभिवचन रजा

फर्लो आणि पॅरोल हे जुळ्या भावांसारखे शब्द. पत्रकारांचाही त्यांत गोंधळ होतो. महाराष्ट्रातील तुरुंगांत त्यांना फार सुंदर मराठी नावे आहेत. फर्लो म्हणजे 'संचित रजा' आणि पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा'.

संचित म्हणजे साठवलेले. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या बंद्याने नीट वागून ठराविक काळ काढला की, त्याला काही दिवस घरी जाता येते. त्यासाठी खास कारण लागत नाही. चार भिंतींतला तोच तोपणा मोडावा, घरादाराशी नाते तुटू नये, हाच हेतू. पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'शब्द' किंवा 'वचन'. परत येण्याचे वचन देऊन, काही विशिष्ट कारणासाठी मिळालेली रजा ती अभिवचन रजा. घरातला मृत्यू, गंभीर आजारपण, लग्नकार्य अशी कारणे यात येतात. सर्वसाधारणपणे फर्लोचे दिवस शिक्षेत मोजले जातात, पॅरोलचे मोजले जात नाहीत. दोन्ही रजा सशर्त आहेत. फर्लो हा बंद्याचा निरपवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

तुरुंग हा विषय राज्यांच्या अखत्यारीतला असल्याने रजेचे दिवस व अटी प्रत्येक राज्यात वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात १९५९ चे नियम वेळोवेळी सुधारून वापरले जातात. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्लीच्या वाचकांनी आपापल्या राज्याचे नियम विचारून घ्यावेत. पुण्याच्या नातेवाइकाचा सल्ला तेथे चालेलच असे नाही.

रजेचा अर्ज आला की, स्थानिक पोलीस घरी चौकशीला येतात. घरचे बंद्याला ठेवून घ्यायला तयार आहेत का, हमी कोण घेणार, तक्रारदाराला धोका आहे का, हे ते पाहतात. रजा मिळून माणूस घरी आला की, परतीची तारीख सांभाळणे ही साऱ्या घराची जबाबदारी असते. 'आणखी दोन दिवस राहू दे' ही माया फार महागात पडते. नवा गुन्हा नोंदला जातो, मिळवलेली माफी जाऊ शकते आणि पुढची रजा दुरापास्त होते.

'माफी' म्हणजे शिक्षेच्या दिवसांत मिळणारी सूट. नेमून दिलेले काम आणि चांगली वागणूक यांच्या बळावर ती मिळवावी लागते. या माफीतूनच एक मोठा गैरसमज जन्माला आला आहे. तो म्हणजे 'जन्मठेप चौदा वर्षांची असते.' जन्मठेप म्हणजे उर्वरित संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ विनायक गोडसे यांच्या खटल्यातच सांगून टाकले आहे. सरकार त्यात सूट देऊ शकते, पण ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटका करता येत नाही. हे बंधन १९७८ मध्ये आले. चौदा वर्षे हा सुटकेच्या विचाराचा उंबरठा आहे, सुटकेची तारीख नव्हे. हे न समजल्यामुळे चौदावे वर्ष सरताना कितीतरी घरांतून अंगणे सारवली जातात आणि पदरी निराशा येते.

भिंत नसलेला तुरुंग

'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांतारामांचा १९५७ चा चित्रपट कुणाला आठवत नाही? त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिच्यामागे आहे माणदेशातली खरी घटना. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे एक वसाहत उभी राहिली. संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीशिवाय, शेतीवर ठेवण्याचा प्रयोग केला. स्वतंत्रपूर आज सांगली जिल्ह्यात आहे.

याला 'खुले कारागृह' म्हणतात. काही वर्षे चांगली काढलेल्या सिद्धदोष बंद्यांची निवड होते. ते शेतात वा कामावर जातात आणि हजेरीला परततात. राजस्थानात जयपूरजवळच्या सांगानेर येथे १९६३ पासून असे शिबिर आहे. तेथे बंदी बायकामुलांसह राहतात, बाहेर जाऊन पोटापुरते कमावतात आणि त्यांची स्वतःची पंचायतही आहे. महाराष्ट्रात पैठण, मोर्शी येथे खुली कारागृहे आहेत. पहारा कमी म्हणून खर्चही कमी. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सुटकेच्या दिवशी बाहेर पडणारा माणूस बावचळलेला नसतो. बाजारात भाजीचा भाव काय, हे त्याला ठाऊक असते!

बंद तुरुंगांतही बंद्यांना काम असते. सुतारकाम, विणकाम, बेकरी, शेती यांचे त्यांना वेतन मिळते. बंद्यांना रास्त वेतन द्यावे आणि त्यातला काही भाग ज्याच्यावर अन्याय झाला त्या पीडितासाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सुचवले. तुरुंगातले काम जातीवरून वाटण्याची, म्हणजे झाडू एकाला आणि स्वयंपाक दुसऱ्याला देण्याची, कित्येक राज्यांच्या नियमावल्यांतली रीतही ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरली. एका महिला पत्रकाराने केलेल्या याचिकेवर हा निकाल लागला.

मुलांसाठी शब्दही जपून

अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला तर त्याला 'बालगुन्हेगार' म्हणण्याची आपली सवय आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मात्र 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द आहे. उच्चारायला जड, पण हेतू चांगला. मुलांच्या प्रकरणात दूषण देणारी, शिक्का मारणारी भाषा वापरू नये, असे तत्त्वच या कायद्याने घालून दिले आहे.

अशा मुलाला नेहमीच्या कोर्टात नव्हे, तर 'बाल न्याय मंडळा'पुढे नेतात. चौकशी चालू असताना त्याला ठेवतात ते 'निरीक्षणगृह'. चौकशीनंतर सुधारणेसाठी ठेवतात ते 'विशेष गृह', तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिशय निर्घृण गुन्हा केला असेल तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का, याची आधी वेगळी पाहणी होते. मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. आपल्या गल्लीतल्या अशा मुलाचा फोटो मोबाइलवरून चारचौघांना पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. असे निर्घृण गुन्ह्याचे प्रकरण वगळता, या मुलांना पुढे अपात्रता येऊ नये आणि ठराविक मुदतीनंतर त्यांचे अभिलेख नष्ट करावेत, असेही कायदा सांगतो.

एकदा बसलेला शिक्का किती खोल जातो, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची 'सेटलमेंट' होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण गावात चोरी झाली की आजही पहिली नजर कुठे वळते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा

घरातला एक माणूस तुरुंगात गेला की, शिक्षा साऱ्या घराला होते. मिळवता हात जातो, मुलाला शाळेत चिडवतात, मुलीचे ठरलेले लग्न मोडते. स्त्री तुरुंगात गेली तर हाल त्याहून बिकट. पुरुषाला भेटायला रांगा लागतात, स्त्रीला भेटायला सासर येत नाही आणि माहेर तोंड लपवते. २०२२ च्या अखेरीस देशात २३,७७२ स्त्रिया तुरुंगात होत्या आणि १,७६४ मुले आईसोबत आत राहत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. त्याला वेगळा आहार, औषधोपचार, शिक्षण मिळायला हवे. ते मूल बंदी नाही, असे न्यायालयाने बजावले आहे.

महाराष्ट्रात 'गळाभेट' नावाचा उपक्रम झाला. एरवी जाळीच्या किंवा काचेच्या आडून होणारी 'मुलाखत' बाजूला ठेवून मुलांना आई किंवा वडिलांच्या मांडीवर बसू दिले. २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेने येरवडा कारागृहातील बंद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. तुरुंगातल्या कमाईतून फेड करायची आणि कर्ज घरच्यांच्या अडचणीला वापरायचे. बापाने आतून पाठवलेल्या पैशांतून मुलीची फी भरली गेली, तर त्या दोघांतला धागा टिकून राहतो.

सुटकेनंतरचा शब्द

या साऱ्या शब्दांतला शेवटचा शब्द 'अनुरक्षण'. सुटून आल्यानंतर माणसाला निवारा, काम, आधार देणे. त्यासाठी काही ठिकाणी अनुरक्षणगृहे आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि सुटून आलेले स्त्री-पुरुष यांच्यासाठी काम करतो आहे. पण देशाच्या मानाने अशी व्यवस्था तुटपुंजी आहे. सुटलेल्या माणसाला भाड्याने खोली मिळत नाही, काम मिळत नाही. मग त्याला ओळखणारे एकच ठिकाण उरते, ते म्हणजे जुनी टोळी. तो पुन्हा पकडला गेला की, आपण म्हणतो, ''बघा, कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच!''

येथे कुणी रागाने विचारील, ''आणि ज्याचा मुलगा मारला गेला, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांचे काय?'' प्रश्न रास्त आहे. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. जामिनालाही ते लागू होते. प्रत्येक राज्यात पीडितांच्या भरपाईची योजना आहे. महाराष्ट्रात बलात्कार व ॲसिडहल्ल्याला बळी पडलेल्या महिला-बालकांसाठी २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. हे शब्दही तितक्याच आग्रहाने शिकायला हवेत. अपराध्याला सुधारणे म्हणजे पीडिताला विसरणे नव्हे. उलट तो माणूस पुन्हा गुन्हा करीत नाही तेव्हा पुढचा एक पीडित वाचतो.

कायदा रजा देईल, माफी देईल, एक दिवस सोडूनही देईल. शिक्षा भोगून आलेल्याला खोली भाड्याने द्यावी किंवा दुकानात कामाला ठेवावे, असा हुकूम मात्र कुठलेही न्यायालय काढू शकत नाही. तो निर्णय घरमालकाला, दुकानदाराला, म्हणजे आपल्यालाच घ्यावा लागतो. चौकशी जरूर करावी, काळजीही जरूर घ्यावी. पण चौकशीच्या आधीच दार लावू नये.

हे टिपून ठेवा

● अटकेची तारीख, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, लावलेली कलमे आणि न्यायालयाचे नाव पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या.

● मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. देशभरातून १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

● दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची आणि शिक्षेच्या एक तृतीयांश वा निम्म्या काळाची मुदत कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ती भरली की वकिलाला आठवण द्या.

● जामीन मंजूर होऊनही हमीअभावी सुटका झाली नाही तर अटी सैल करण्यासाठी अर्ज करता येतो.

● परिवीक्षा अधिकारी किंवा रजेच्या चौकशीला आलेले पोलीस यांच्याशी खरे बोला.

● रजेवरून परतण्याची तारीख चुकवू नका. आजारपण आले तर मुदत संपण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कागदासह तुरुंगाला कळवा.

● 'सुटका करून देतो' म्हणत तुरुंगाबाहेर घुटमळणाऱ्या मध्यस्थांना पैसे देऊ नका. जामीन न्यायालय देते आणि रजा नियमांनुसार संबंधित अधिकारी देतात.

● मुलाखतीचे दिवस आणि न्यावयाची ओळखपत्रे आधी विचारून घ्या. शक्य असेल तेव्हा भेटा, पत्र लिहा. आतल्या माणसाला घराचा धीर लागतो.